फाटकाकडं तोंड

फाटकातून कुणी आत येऊ लागलं, की पुनम आधी त्याचे पाय बघायची, मग तोंड. तिचे बापू डावा पाय जरासा ओढत चालायचे. भावकीच्या भांडणात एका सकाळी पिशवी उचलून ते निजामाबादेला निघून गेले, त्याला आता तिसरं साल. पण त्याआधी गावचा सप्ताह त्यांनी कधी चुकवला नव्हता.

आज काल्याचं कीर्तन. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तेव्हा मंडपात कोण हजर आहे ते सतत माहीत असावं लागतं. लातूरला कॉम्प्युटर शिकलेल्या पुनमनं त्यासाठी पडदा करून दिला होता. आलेल्यानं टेबलाशी बसलेल्या मंडपवाल्या बालाजीला नाव सांगायचं, की पडद्यावरच्या चौकटीत त्याच्या नावाची पाटी लागायची. जाताना सांगितलं, की निघायची.

त्या चौकटीला पुनमनं आपल्यापुरता एक लिसनर जोडला होता. ती त्याला कान म्हणायची. पाटी लागली की चौकट त्या कानाला कळवणार, निघाली तरी कळवणार. बापूंचं नाव असेल तरच घंटी वाजव, एवढं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. येण्याची घंटी बारीक, जाण्याची जाड. जाण्याची तिला नकोच होती. पण जो कान लावतो त्याला दोन्ही लिहावं लागतं, असा त्या कॉम्प्युटरच्या भाषेचा नियम.

सकाळी चहा द्यायला आलेली तिची आई सिंधू चारचौघांत बोलून गेली होती, "माणूस फोनाला येईना, अन् तुज्या घंटीला येणार हाय व्हय? तुज्या बापाची वाट बघून बघून मान मोडंल की."

पुनमनं खुर्ची तेवढी फाटकाकडं आणखी वळवून घेतली होती.

मागं कीर्तन रंगलं. बुवांचा आवाज कमावलेला, टाळ एका जिवानं पडायलेले. एरवी ती धावत पुढं जाऊन बसली असती. आज तिला कीर्तन पाठीला लागत होतं. माणसं येत होती, पाट्या लागत होत्या, घंटी मुकी होती. काला झाला, हंडी फुटली, लाह्या उधळल्या. लोक उठू लागले. आता कोण यायचं राहिलं होतं?

तेवढ्यात घंटी वाजली. जाड.

जे आलेच नाहीत, ते गेले कसे?

मग तिला उमगलं. पहाटे काकड्याला बसलेल्यांच्या पाट्या बालाजीनं आधी भरल्या, आणि तिनं कान जोडला त्यानंतर. बालाजी मुदखेडचा, त्याला कुणाची ओळख असणार? कान जोडायच्या आधी जो येऊन बसला, त्याची येण्याची घंटी वाजत नाही. सकाळपासून तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं, पडद्याकडंही नाही.

ती वळली. बालाजीला नाव सांगून बापू टेबलाला वळसा घालत होते. डावा पाय ओढत. आले आणि हातातली पिशवी त्यांनी तिच्या खुर्चीशी ठेवली.

"कवा आलाव?"

"काकड्यालाच. ह्या पहिल्या खांबाआड, टॉवेल तोंडावर ओढून."

काकडा ऐकून सकाळच्याच गाडीनं परत फिरायचं, असं ठरवून आले होते ते. इथं आपलं कुणी उरलं नसंल, असं वाटायचं म्हणाले. पण सकाळी चहाच्या वेळी सिंधू बोलली, ते कानी पडलं, अन् ते तिथंच बसून राहिले. गाडी केव्हाच निघून गेली होती.

पुनम खुर्चीवरून उठली. "मग हाक मारायची की बापू. सकाळधरनं फाटकाकडं बघायलेय मी."

बापूंनी डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं.

"हाक मारली असती, तर तू बघायची थांबली असतीस. माझी कुणी वाट बघायलंय, ते बघत बसलो होतो, पोरी."