निस्ती रिहर्सल

जळगावच्या टॉकीजमध्ये तीनचा खेळ सुरू झाला आणि पडद्यावरच्या नावांत कौतिकचं नाव आलं, तसा तो खुर्चीतून उठलाच. शेजारी द्रौपदाबाई बसली होती, त्याची फुई, बापाची सख्खी बहीण. तिला त्याने बोट दाखवून नाव वाचून दाखवलं. याला टायटल म्हणतात, म्हणाला.

गेल्या वर्षी धरणगावजवळच्या त्यांच्या खेड्यात शूटिंगवाले आले, तेव्हापासून हा पठ्ठ्या असाच. दिवसभर त्यांच्या मागे हिंडायचा आणि संध्याकाळी पारावर बसून साऱ्या गावाला शिकवायचा. पसंत पडला तो टेक, नाही पडला तर रिटेक, थोबाड भिंतीएवढं झालं की क्लोजअप. भावाचं पोरगं शहाणं निघालं म्हणून द्रौपदाबाईला केवढं कौतुक!

मध्यंतरानंतर पडद्यावर तिरडी आली. तिरडीवर हिरो, आणि मग भिंतीएवढा एक चेहरा. द्रौपदाबाईचाच. हेल काढून ती रडत होती, मगनचं नाव घेऊन.

 तिरडीवरच्या हिरोसाठी रडायला शूटिंगवाल्यांनी सांगितलं, तेव्हा तिने साफ नाही म्हटलं होतं. जित्या माणसावर कोणी हेल काढतं का? आणि तिचा हेल तिच्या गेलेल्या लेकाचा होता, मगनचा. तेव्हा कौतिकनेच गळ घातली होती, "फुई, निस्ती रिहर्सल शे. कॅमेरा बंद शे." घरचं पोर सांगतंय म्हणून ती बसली, आणि बसली ती मगनला आठवून पोटभर रडली.

"तुले माहीत व्हतं?" तिने विचारलं.

 कौतिक पडद्याकडे बघतच पुटपुटला, की कॅमेरा चालूच होता. शूटिंगचे साहेब म्हणाले होते, फुईला रडवलंस तर तुझं नाव पडद्यावर.

पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. द्रौपदाबाईला रडूही येईना. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

तेवढ्यात तिरडी गेली. मेलेला हिरो केळीच्या बागेत हिरॉइनच्या मागे पळत गाणं म्हणू लागला. द्रौपदाबाई उठली. कौतिकने तिचा हात धरला.

"बस फुई. हाऊ फ्लॅशबॅक शे. गोष्ट मांगे जास. मरेल माणूस परत जित्ता दखास."

"मंग माले बी मांगे लई चाल," ती म्हणाली. "तू खोटं बोलना व्हता, त्याना पहिले."