सतरावा फाउल

ऑरिन हॅस्केलने चिठ्ठी वाचली आणि त्याच्या हातातली पेन्सिल तशीच अधांतरी राहिली.

'लाईल हॅस्केल. दोन स्ट्राइक. बॉल डोक्यात बसला. खाली पडलाय. हालचाल नाही.'

समोर बसलेला तारवाला व्होगेल त्याच्याकडे बघत होता. अडीचशे मैलांवरच्या मैदानातून तारेवर टकटक यायची, व्होगेल ती कानांनी टिपून चिठ्ठ्या टाइप करायचा, आणि त्या चार-चार शब्दांच्या चिठ्ठ्यांवरून ऑरिन रेडिओच्या माइकसमोर बेसबॉलची अख्खी मॅच उभी करायचा. बॅटचा आवाज म्हणजे लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल. लोकांचा गोंगाट म्हणजे ग्रामोफोनची फिरती तबकडी. सगळ्या मिलर्सफोर्ड गावाला हे ठाऊक होतं, आणि ऐकायला बसलं की सगळं गाव ते साफ विसरायचं.

गाव मैदानाच्या दोन-तीन मिनिटं मागे असायचं. म्हणजे ऑरिनचा पोरगा लाईल तिकडे मातीत पडला होता, आणि इकडे गावात अजून बॅट धरून उभा होता.

इकडे म्हणजे घरीसुद्धा. त्याची बायको लिओटा या वेळी स्वयंपाकघरात रेडिओपाशी बसून वाटाणे सोलत असणार. पोराची मॅच तिने डोळ्यांनी कधी बघितली नाही, तिला बघवायचंच नाही; पण रेडिओवरचा एक बॉल ती चुकवत नसे.

"सांगून टाक," व्होगेल नुसत्या ओठांनी म्हणाला.

ऑरिनने मान हलवली. काय सांगून टाक? आईला पोराचं असं कळवायचं, तेही नवऱ्याने, साबणाच्या जाहिरातीच्या तोंडावर, घरात दुसरं कुणी नसताना? त्याने पेन्सिल ठोकळ्यावर हाणली.

"फाउल!" तो ओरडला. "रेषेच्या बाहेर, थेट लोकांत! लाईल हॅस्केल उभा आहे, मंडळी!"

तार तुटली की सगळे निवेदक हेच करायचे. तिसऱ्या स्ट्राइकला बॅटवाला बाद, पण दोन स्ट्राइक झाल्यावर असा रेषेबाहेरचा फाउल मोजत नाहीत. तार जुळेपर्यंत बॅटवाल्याला फाउल मारायला लावायचं, तो बाद होत नाही की पुढे जात नाही. फक्त आज तार तुटली नव्हती. चांगली धडधाकट चालू होती मेली.

दुसरा फाउल. तिसरा. मग बॉल टाकणाऱ्या पिचरच्या बुटाची नाडी सुटली. मग लाईलची बॅट तडकली आणि त्याने दुसरी आणली, तीही निवडून, वजन बघून. तेवढ्यात व्होगेलने पुढची चिठ्ठी सरकवली: 'अँब्युलन्समधून नेलं. खेळ थांबलाय.' ऑरिनने ती घडी घालून खिशात ठेवली आणि सातवा फाउल मारला.

खालच्या मजल्यावर ब्रुनोचं न्हाव्याचं दुकान होतं. तिथला रेडिओ आणि तिथली माणसं उघड्या खिडकीतून वर ऐकू येत होती.

"आठ!" कुणीतरी ओरडलं. "बापरे, बापापेक्षा चिवट निघालं की कार्टं!"

"अरे ऑरिन," ब्रुनोच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक बोंबललं, "पोराला म्हणावं आटप लवकर! हा माझा अर्धाच गाल करून बसलाय!"

सगळे खदाखदा हसले. दहाव्यानंतर ते एका सुरात मोजायला लागले. ऑरिनला त्या हसणाऱ्यांचा गळा धरावासा वाटला, आणि त्यांनी मोजायचं थांबवू नये असंही वाटलं. देवा, एवढा एक, असं म्हणून तो ठोकळ्यावर मारायचा, आणि मारून झालं की पुन्हा, एवढा एक. सगळं गाव लाईलला उभं धरून होतं.

तारेवर पुन्हा टकटक सुरू झाली. व्होगेलची बोटं टाइपरायटरवर गेली आणि तिथेच थांबली. त्याने काही टाइप केलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं, कानांवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि मग डोक्यावरची टोपीही काढली.

ऑरिनने ते बघितलं. तो ओरडला, "फाउल!" आणि पेन्सिल मोडली. पुढचा फाउल त्याने बोटाच्या पेराने वाजवला.

"सतरा!" खालून आरोळी आली.

फोनवरचा दिवा लुकलुकला. त्या खोलीतल्या फोनची घंटा काढून टाकलेली होती. व्होगेलने तो उचलला, ऐकला, आणि फोनच्या तोंडावर हात धरून म्हणाला, "लिओटा आहे."

ऑरिनने गर्दीची तबकडी मोठी केली आणि माइकवर तळवा दाबून धरला. व्होगेलने फोन त्याच्या कानाला लावला. आधी नुसती गर्दीच ऐकू आली, त्याचीच, त्यांच्या स्वयंपाकघरातून.

"मीही मोजतेय," लिओटा म्हणाली. "आपला लाईल कधी दोन फाउलसुद्धा धड मारत नाही, ऑरिन. आला बॉल की फिरव बॅट. मला न बघता माहितीय, तुला माहीत नाही?"

तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. गर्दी ओरडत राहिली.

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग आता बसू दे त्याला. किती वेळ उभं ठेवशील? दमला असेल रे तो."