कौतुकाची ओळ

सिल्व्हानोकाकांचा व्हिसा वाढवून मिळावा म्हणून सुनीती मगदूमने कंपनीचं पत्र मनापासून लिहिलं होतं. काका चार वर्षांपूर्वी इटलीहून इचलकरंजीच्या गिरणीत नवे माग बसवायला आले आणि इथेच रमले. ‘त्यांनी आमचे अकरा कामगार तयार केले, आज ते त्यांच्याइतक्याच सफाईने माग दुरुस्त करतात,’ असं तिने कौतुकाने लिहिलं.

परदेशी नागरिकांच्या कचेरीत साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. “मॅडम, इथल्या माणसांना काम येत नसेल, तरच बाहेरच्या माणसाला व्हिसा देता येतो. येतं असं तर तुम्हीच लिहिलंय.”

अर्ज नामंजूर झाला.

काका इटलीला परत निघायच्या दिवशी तिने त्यांना सगळं सांगून टाकलं. “माझ्यामुळे झालं, काका.”

बायको गेल्यापासून तिकडे त्यांचं कुणीच उरलं नव्हतं. ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, “पण माणसं शिकली, खरं ना?”

“खरं आहे.”

“मग खोटं कसं लिहिणार तू?”

खोटं लिहायची गरजच नव्हती, ते वाक्य गाळलं असतं तरी भागलं असतं, हे सुनीतीने त्यांना सांगितलं नाही.