चार ओळींची शेवरी

"एका बागेमागे एकच गार्डनर मंचावर येईल," रुपचंद गुरुजींनी इंग्रजी पत्र वाचून सांगितलं. "जळगावच्या शेती प्रदर्शनात, उद्या. बागेतला सगळ्यात मोठा घड घेऊन."

तोतारामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रावेर तालुक्यात पहिला नंबर त्याच्या केळीच्या बागेचा आला होता. गेल्या महिन्यातल्या वादळात शेजारच्या बागा भुईसपाट झाल्या. याची एकही केळ आडवी झाली नव्हती.

"म्हंजे मीच," तो बायकोला म्हणाला. "धोतर धुऊन ठेव."

कुंदाबाई बागेभोवतीच्या शेवरीच्या कुंपणाला कापसाच्या पऱ्हाट्या बांधत होती. तिचे हात थांबले. तिलाही जायचं होतं. जळगाव तिने पाहिलं नव्हतं, पण नुसतं त्यासाठी नाही. बाग कोणामुळे वाचली, हे चार लोकांसमोर एकदा तरी निघावं असं तिला फार वाटत होतं. तिने पुढची गाठ आवळली.

विषय तिथेच संपायचा. पण शाळेत जाडजूड शब्दकोश आल्यापासून गुरुजी एकाही इंग्रजी शब्दाला सुखाने जगू देत नव्हते. त्यांनी काखेतला कोश उघडला. वाचता वाचता त्यांचा आवाज चढला.

"तोताराम, अरे, हे ऐक. गार्डन म्हणजे मुळात झाडं नव्हेतच. जुन्या भाषेत त्याचा अर्थ कुंपण. आधी कुंपण, मग त्याच्या आतली जागा, आणि ती जागा राखतो तो गार्डनर."

"हे कोनी ठरवलं?"

"तिकडच्या लोकांनी. हजारेक वर्षं झाली असतील."

तोतारामने मागे वळून पाहिलं. चारी बाजूंना वारा अडवत दोन पुरुष उंच शेवरी उभी होती. तिच्यासाठी बायकोने केळीच्या चार ओळींची जागा अडवली, तेव्हा त्याने गावभर तिचं हसं केलं होतं. पुरती दोन वर्षं.

"कुपाटी म्या घातली," कुंदाबाई म्हणाली. "गाडी कितीले हाये, गुरुजी?"

"सकाळी साडेसहाला." गुरुजींना आनंद लपवता येईना.

तोतारामने पायाने माती उकरली. मग हळूच म्हणाला, "एवढा मोठा घड तू एकली कशी नेशीन? उचलाले तरी मले येऊ दे."