चौथ्या इमारतीचं मीटर

भांडी विसळलेलं पाणी अनिपा मोरीत ओतणार, तोच बुरुलने तिचं मनगट धरलं.

"थांब. संडासात ओतायला ठेव ते."

"एजे, त्यात साबण आहे."

"संडासाला साबणाचं वावडं नाही."

अनिपाने बादली बाजूला सरकवली. नवरा रशियात बांधकामावर, पदरात आठ महिन्यांची मुलगी. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. शिवाय शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बुरुलला सगळी इमारत एजे, म्हणजे ताई, म्हणायची. थोरल्या बहिणीपुढे बोलणार कोण?

खाण बंद पडल्यापासून गावातल्या तीन इमारती ओस पडल्या होत्या. त्यांच्या खिडक्यांच्या चौकटीसुद्धा लोकांनी जळणाला नेल्या. उरली ही चौथी, अकरा बिऱ्हाडांची. वसंतात नगर कार्यालयाचा कारकून सांगून गेला होता, पंप जुना झालाय, वीजही पुरत नाही. हिवाळ्याआधी आकडे बघू आणि कुणाचं तोडायचं ते ठरवू.

"म्हणजे जो जास्त वापरेल त्याचं तोडणार," बुरुलने सगळ्यांना समजावलं.

तेव्हापासून कपडे धुतलेल्या पाण्याने जिने पुसले जाऊ लागले. अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही परातीत उभं राहून. चार घरांचा चहा एका किटलीत. अकरांपैकी दहा फ्रिज बंद. संध्याकाळी सगळे अनिपाच्या खोलीत एका दिव्याखाली बसत, कारण बाळासाठी विजेची शेगडी फक्त तिथेच लागायची.

कुरकुर करायचा तो असांगुल. उभा जन्म खाणीत काढलेला माणूस.

"एजे, श्वास एकाआड एक घेतला तर चालेल का?"

"घेऊन बघ. बडबड तरी कमी होईल तुझी."

लोक हसले. पुढच्या आठवड्यात असांगुलनेही दाढीचं पाणी अर्ध्या पेल्यावर आणलं. कुणाला फार आशा होती असं नाही. जायला दुसरी जागा नव्हती, इतकंच.

शरद ऋतू सरता सरता असांगुल तळघरात जाऊन पाण्याचं आणि विजेचं मीटर बघून आला. पायरीवर बसून त्याने टोपी काढली.

"पूर्वी एका मजल्याला लागायचं तेवढंही नाही, एजे. अख्ख्या इमारतीचं."

बुरुलने खडू आणून तो आकडा जिन्याच्या भिंतीवर लिहून ठेवला.

पहिला बर्फ पडायच्या आत कारकून आला. अनिपाने सगळ्यांच्या वाटणीच्या तेलात कणकेचे गोळे, बोरसोक, तळले होते. माणसं जिन्यात रांगेने उभी. कारकून तळघरात उतरला, दोन्ही आकडे दोनदा वाचले, काचेवर टिचकी मारली.

"मीटर चालतंय ना नीट?"

"चालतंय," बुरुल म्हणाली. "अकरा बिऱ्हाडं आहेत. चला, एकेक घर दाखवते."

"नको बाई. माणसं मोजणारं खातं वेगळं. मी आकड्यांपुरता."

गरम बोरसोक त्याने दोन खाल्ले, तिसरा खिशात टाकला.

"एवढा कमी आकडा गावात कुणाचाच नाही. आमचं काम सोपं केलंत. इथे सही करा."

बुरुलने वहीवर वळणदार अक्षरात सही केली.

त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने टब भरला. काठोकाठ, गरम पाण्याने. अनिपाची मुलगी जन्मात पहिल्यांदा पाण्यात हातपाय मारून खिदळली. सगळ्यांना शिंतोडे उडाले.

"हे चालतं होय?" असांगुलने विचारलं.

"एकदा चालतं."

आठव्या दिवशी इमारतीच्या दारावर शिक्क्याचा कागद चिकटलेला दिसला. असांगुलने घरोघर जाऊन सगळ्यांना खाली बोलावलं. अनिपा मुलीला दुलईत गुंडाळून घेऊन आली.

"एजे, तुम्हीच वाचा. मोठ्याने."

बुरुलने चष्मा लावला आणि वर्गात वाचायची तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"इमारत क्रमांक चार. पाणी आणि विजेच्या वापरावरून या इमारतीत आता कोणीही राहत नसल्याचे सिद्ध होत आहे. सबब, दोन्ही जोडण्या आजपासून कायमच्या तोडण्यात येत आहेत."