एल्मरच्या गाडीचा काटा

इंजिन चालू होतं आणि तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर निपचित पडला होता. आपल्या गॅरेजात ड्वेनने बॉनेटखाली डोकं घालून कान दिला. खडखड नाही, टकटक नाही.

"बंद कर," तो एल्मरला म्हणाला. "दाब खरंच गेला असता तर एव्हाना बेअरिंगांनी बोंब ठोकली असती."

"म्हातारी झालीय रे. बोंब मारायचीही ताकद उरली नसेल."

ड्वेनने तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल भरपूर होतं, स्वच्छही होतं.

"काल धान्याच्या कोठारांपाशी समोरून गेलास," तो हात पुसत म्हणाला. "मी स्टिअरिंगवरून बोट उचललं, तू ढिम्म! शिष्ट झालास की काय?"

नेब्रास्काच्या त्या रस्त्यांवर समोरच्याला नमस्कारादाखल बोट न उचलणं म्हणजे भांडण उकरून काढणंच.

"काट्याकडे लक्ष होतं," एल्मर म्हणाला आणि कॉफी आणायला आत गेला.

एल्मरची मुलगी मार्लिस दाराशी उभी होती. बापाने शेत सोडून आपल्याकडे ओमाहाला यावं म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. पण एल्मरने गावातल्या कॅफेत कॉफीच्या टेबलावर सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, "माझी गाडी चालतेय तोवर मी इथून हलत नाही." एल्मरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"ड्वेनकाका," ती हळूच म्हणाली, "इंजिन गेलं म्हणून सांगा ना. खोटं बोला असं नाही म्हणत..."

"तेच म्हणतेयस, पोरी."

"एकटे असतात ते तिथे. बर्फात पाय घसरला तर कोण आहे?"

ड्वेनला तिची दया आली. पण एल्मर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि आजवर साध्या नट-बोल्टाबद्दलही तो त्याच्याशी खोटं बोलला नव्हता.

त्याने इंजिनावरचा सेन्सर काढला, त्या जागी स्वतःचं दाब मोजायचं गेज बसवलं आणि किल्ली फिरवली. चाळीस पौंड! इंजिन ठणठणीत होतं. पण सेन्सरची तार सुटी केली की डॅशबोर्डवरचा काटा वर उडायला हवा होता, तो मात्र जागचा हलला नव्हता.

ड्वेन टॉर्च घेऊन तारेचा माग काढत गेला. इंजिनाच्या मागच्या अंगाला तारेचं कातडं चाकूने सोललेलं होतं, आणि तांब्याचा बारीक तुकडा गुंडाळून ती लोखंडाला घट्ट बांधली होती, म्हणजे काटा कायम शून्यावरच राहावा. हे काही उंदराचं काम नव्हतं.

त्याने मान वर केली. मार्लिस बापाचा कोट झटकत होती. गेला आठवडाभर ती शेतावरच मुक्कामाला होती. ड्वेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळजी असावी, पण म्हणून सख्ख्या बापाला असं फसवायचं?

तांब्याचा तुकडा सोडवून ड्वेनने मुठीत घेतला आणि चिकटपट्टी आणायच्या निमित्ताने मार्लिसला समोरच्या दुकानात पिटाळलं. मग कॉफी घेऊन आलेल्या एल्मरला स्टुलावर बसवलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "गाडीला काहीएक झालेलं नाही, अजून दहा वर्षं पळेल. तू शेत सोडावंस म्हणून कुणीतरी मुद्दाम तार बांधली होती. नाव मी घेत नाही, तुला कळेल."

एल्मरने मान खाली घातली. त्याच्या अपमानाची ड्वेनलाच लाज वाटली.

"मार्लिस यायच्या आत ती तार होती तशी बांध," अखेर एल्मर म्हणाला. "या डोळ्यांनी ती शोधून बांधायला मला अख्खी दुपार लागली."