बटणांखालची नखं

माझ्या जयवंताला लाज म्हणून नाही. खोपोलीच्या भंगारातनं कंप्युटर आणला आणि त्याची बटणं माझ्या दुधाच्या पातेल्यात रॉकेल ओतून भिजत घातली. म्हणे, त्यांवर मराठी अक्षरं बसवणार.

बटणं उपसली त्या जागी कापलेली नखं निघाली. पिवळी, मळकी, माणसाची. त्यानं ब्रशानं झाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.

"जुनी घाण हाय गं आये," तो हसला.

आज बटणांच्या जागी एकच नख होतं. तांदळाच्या कणीएवढं, मऊ, ओलं.

नातवाचं बारसं अजून व्हायचंय. त्याआधी आमच्यात बाळाची नखं कापत नाहीत. मी पाळण्यातली मूठ उघडली. करंगळीचं नख नुकतंच कापलेलं.

"जयवंता, त्या बटणांना लावलेले हात घेऊन पाळण्याजवळ यायचं नाय. बाप असलास तरी."